स्वच्छ केलेला आवाज

डच लोक ज्याला ओव्हरलेख म्हणतात त्याला मराठीत नीट शब्द नाही. सल्लामसलत म्हणावं तर त्यात सल्ला कुणीच देत नाही, आणि बैठक म्हणावं तर ती उठतच नाही. सगळ्यांनी गोल बसायचं, कॉफी प्यायची, प्रत्येकाने आपलं म्हणणं मांडायचं, इतरांनी त्यावर माना डोलवायच्या आणि शेवटी कुणाचंच मन दुखणार नाही असं काहीतरी ठरवून सायकली काढायच्या. रॉटरडॅमला आल्यावर पहिली काही वर्षं मी नवऱ्याच्या व्हिसावर घरी बसून होते. मग मास्ट्रिख्टला जाऊन कलाव्यवस्थापन शिकले आणि आफ्रिकेतल्या वादकांना, नर्तकांना इकडे आणणाऱ्या एका छोट्या संस्थेत चिकटले. तेव्हापासून माझं निम्मं आयुष्य ओव्हरलेखमध्ये गेलं आहे. मी मूळची तापट. मिरजेत वाढले, पुण्यात फ्रेंच शिकले, दोन्हीकडे बोलून मोकळं व्हायची सवय लागली. इथे बोलून मोकळं होता येत नाही. बोललेलं सगळं टेबलावर पडून राहतं आणि पुढच्या खेपेला गरम करून पुन्हा वाढतात.

त्या वर्षी तीन संस्था एकत्र आल्या होत्या. एक आमची. दुसरं, शहरातल्या पश्चिम आफ्रिकी कुटुंबांचं मंडळ. त्याच्या अध्यक्षबाई नर्स होत्या आणि ड्यूटी संपवून थेट मीटिंगला यायच्या. तिसरं एक संग्रहालय. त्यांच्याकडे आफ्रिकी वाद्यांचा भलामोठा साठा होता आणि त्यातलं एकही कुणी वाजवत नव्हतं. तिघांनी मिळून बुर्किना फासोहून एका बालाफोनवादकाला बोलवायचं ठरलं. रविवारी दुपारचा एक कार्यक्रम, आणि तो जमला तर पुढे दरवर्षी असं काहीतरी.

बालाफोन म्हणजे लाकडी पट्ट्यांचं वाद्य. पट्ट्या ओळीने बांधलेल्या, प्रत्येकीखाली एक वाळवलेला भोपळा टांगलेला, आणि टोकाला रबर गुंडाळलेल्या काठ्यांनी वाजवायचं. त्या भोपळ्यांना बारीक भोकं असतात आणि भोकांवर कोळ्याच्या अंड्यांच्या कोशाचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो. पट्टीवर काठी पडली की पापुद्रा थरथरतो आणि सुराला एक झणझणती किनार येते. तंबोऱ्याचे भोपळे ज्या गल्लीत उन्हात पडलेले असतात त्या गल्लीतून मी शाळेत जायचे. तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला कुणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही. ही जवारी होती. तारेखाली दोरा सरकवून तंबोरा बोलता करतात, तसा हा पापुद्रा भोपळ्याला बोलतं करतो.

वादक साठी ओलांडलेले होते. त्यांच्याकडचे लोक त्यांना फ्रेंचमध्ये सरळ ‘म्हातारा’ म्हणत. तो तिकडे मानाचा शब्द आहे, पण माझ्या तोंडून तो निघेना. मी मनात त्यांना बुवा म्हणायला लागले, आपल्याकडे गवयांना म्हणतात तसं, आणि एकदा बोलताना ते बाहेर पडलंच. त्यांनी अर्थ विचारला. मी सांगितला. त्यानंतर दुसऱ्या कशाही नावाने हाक मारली की ते मला रागावायचे.

स्किपॉल विमानतळावरून त्यांना घेऊन येताना गाडीतच त्यांनी मला सगळं सांगितलं. मी विचारलंही नव्हतं. त्यांची भाषा सुरांची आहे. एकच उच्चार वरच्या सुरात एका अर्थाचा, खालच्या सुरात दुसऱ्या. त्यामुळे ती बालाफोनवर नुसत्या सुरांनी बोलता येते. लग्नात, बाजाराच्या दिवशी वादक एकेकाला नावाने हाक मारतो, थट्टा करतो, ख्यालीखुशाली विचारतो, आणि ऐकणाऱ्यांना शब्दन् शब्द कळतो. बुवांचा एकुलता मुलगा वाजवण्यात त्यांच्या वरताण होता. तो वाद्य ठेवून परदेशी निघाला तेव्हा सुगीनंतरच्या उत्सवात, सगळा गाव जमलेला असताना, बुवांनी बालाफोनवर वाजवलं, हा माझा मुलगा नाही. मुलगा त्याच आठवड्यात गेला. आता तो बाडहूव्हडॉर्पला राहत होता, विमानतळावर मालवाहतुकीत काम करत होता, त्याला डच बायको होती आणि बुवांनी कधी न पाहिलेली एक मुलगी होती. आम्ही त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावरून चाललो होतो.

“मग फोन करून टाका ना,” मी म्हटलं. “सांगा, चुकलो म्हणून.”

“वाद्यावर बोललेलं तोंडाने मागे घेता येत नाही,” बुवा म्हणाले. “वाद्यावरच घ्यावं लागतं, लोकांसमोर. बाप नाव घेऊन हाक मारतो आणि थांबतो. मुलगा उभा राहून ओ देतो. मग ते पुसलं जातं. तोवर आम्ही दोघांनी एकमेकांशी तोंडाने बोलायचं नाही.”

त्यासाठीच ते आले होते. आमचा सांस्कृतिक सहयोग, आमची पत्रकं, संग्रहालयाच्या संचालकांचं स्वागतपर भाषण, सगळं त्यांच्या लेखी मांडवाच्या बांबूंइतकं होतं. मंडळाच्या अध्यक्षबाईंनी मुलाला गाठून कबूल करून घेतलं होतं की रविवारी तो येईल. प्रेक्षकांत बसेन, भेटणार नाही, एवढंच तो म्हणाला होता. बुवांना तेवढं पुरे होतं. उजवा हात मांडीवर ठेवला की तो आपोआप थरथरायला लागे, आणि डाव्या हाताने ते तो दाबून धरत. पुढच्या वर्षी या हातात काठी राहील की नाही सांगता येत नाही, असं ते अगदी सहज म्हणाले.

वाद्य त्यांच्या आधी, मालवाहू विमानाने आलं होतं आणि संग्रहालयाने ते आपल्या कोठारात ठेवून घेतलं होतं. तिथे हवा मापात ठेवलेली असते, उबदार नाही, दमट नाही. मला हायसं वाटलं होतं. तरी मी ओव्हरलेखमध्ये स्पष्ट बजावलं होतं की भोपळ्यांना अजिबात हात लावायचा नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. वृत्तान्तात त्याचं झालं, ‘वाद्य काळजीपूर्वक हाताळावे.’

शुक्रवारी सकाळी संग्रहालयाची गाडी आमच्या ऑफिसात वाद्य सोडून गेली. पांढऱ्या फोमच्या पेटीत, तान्ह्या बाळासारखं गुंडाळलेलं. बुवांनी ते काढलं, जमिनीवर मांडलं, गुडघ्यांवर बसले आणि मधल्या पट्टीवर काठी टाकली. टक्. स्वयंपाकघरात पोळपाटावर लाटणं आपटल्यासारखं. त्यांनी दुसरी पट्टी वाजवली, तिसरी. मग वाद्य उचलून तिरकं केलं, एका भोपळ्यावर बोट फिरवलं आणि तिथेच थांबले. भोकं उघडी होती. एकाही भोपळ्यावर पापुद्रा नव्हता. खालच्या पट्टीच्या भोपळ्याला मानेजवळ केसाएवढी चीर गेली होती.

मी संग्रहालयात फोन लावला. ज्या बाईंनी वाद्य हाताळलं होतं त्या अतिशय चांगल्या होत्या, आणि हेच मला अजून सोसत नाही. बाहेरून आलेल्या लाकडात कीड असू शकते म्हणून प्रत्येक वस्तू आधी गोठवतात, तसं हे गोठवलं, त्या म्हणाल्या. मग भोपळ्यांवर कोळ्याची जाळी होती, खूप जुनी, घट्ट चिकटलेली. त्यांनी मऊ ब्रशने आणि पाण्याने एकेक सोडवली. दोन दिवस लागले म्हणे.

“आता ते स्खोन आहे,” त्या म्हणाल्या. स्खोन म्हणजे स्वच्छ. त्या दक्षिणेकडच्या होत्या, आणि तिकडे त्याच शब्दाचा अर्थ सुंदर असाही होतो. त्यांना दोन्ही म्हणायचं असावं.

मी बुवांना फ्रेंचमध्ये सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, “म्हणजे त्यांना वाटलं की कोळी तिथे चुकून आला होता?”

तातडीचा ओव्हरलेख भरला, व्हिडिओवर. कार्यक्रम पुढे ढकलता येईल का? सभागृह मिळणार नव्हतं, बुवांचं विमान सोमवारी सकाळचं होतं, आणि व्हिसाही तेवढ्यापुरताच. संग्रहालयाच्या संचालकांनी सुचवलं की याकडे संधी म्हणून पाहू, प्रेक्षकांना या वेळी वाद्याचा शुद्ध सूर ऐकता येईल. माझा ताबा सुटला. “तुम्ही माणसाची जीभ कापून काढलीत आणि तोंड स्वच्छ झालं म्हणताय,” मी म्हणाले. मग आमचेच संचालक मृदू आवाजात म्हणाले की माझ्या भावना ते समजू शकतात. सगळ्यांनी माना डोलावल्या. अध्यक्षबाई तेवढ्या डोलवत नव्हत्या. त्या कॅमेऱ्यापासून तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत होत्या.

शनिवारी ऑफिस बंद, म्हणून वाद्य आमच्या घरी आलं. स्वयंपाकघरात जुन्या चादरी अंथरून बुवा आणि मी बसलो. हल्ली तिकडेही कोश मिळाले नाहीत की सिगारेटचा पातळ कागद लावतात, ते म्हणाले. तो कागद या देशात कोपऱ्यावर मिळतो. आम्ही मेणाने एकेक तुकडा चिकटवत गेलो. वरच्या पट्ट्या हळूहळू बोलायला लागल्या. माझ्या जिवात जीव आला. माझी मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. “छान वाटतंय ना गं?” मी विचारलं. “Ja, mooi,” ती म्हणाली, म्हणजे हो, सुंदर. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र डचमध्ये येतं. एरवी मी तिला दामटते. त्या दिवशी तेवढं त्राणच नव्हतं.

घोडं अडलं खालच्या पट्टीवर. चीर मेणाने बुजवली की वाजवताना पुन्हा उघडायची. मी फोनवर फोन केले. बेल्जियममध्ये एकाकडे बालाफोन होता, पण त्याची जुळणी वेगळ्या गावची. बुवांनी फोनवर दोन सूर ऐकले आणि मान हलवली, तो दुसरी भाषा बोलतो म्हणाले. मी भोपळा शोधायला बाजारभर फिरले. मिळाले ते सूप करायचे, ओले, नारिंगी. वेड्यासारखी मी सायकलींच्या शेडमध्ये शिरून कोळ्यांचे कोश शोधले. नुसती जाळी मिळाली, हाताला लागताच विरणारी. मिरजेत भोपळ्यांच्या ढिगाशेजारून रोज शाळेत गेलेली मी, त्या दिवशी एका भोपळ्यासाठी रडले.

“ती पट्टी सोडूनच द्या ना,” मी शेवटी म्हटलं. “इतक्या पट्ट्या आहेत.”

बुवांनी मुलाचं नाव वाजवून दाखवलं. वरचा सूर, मग टक्, मग मधला. “त्याचं नाव या पट्टीतून जातं,” ते म्हणाले.

“शेजारच्या पट्टीवर घेतलं तर?”

“मग ते दुसऱ्याचं नाव होतं.”

त्यांनी भोपळ्याला सुती पट्टी गुंडाळली, वरून मेण ओतलं, आणि आम्ही तो खिडकीशी ठेवला. दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं.

रविवारी सभागृह भरलेलं होतं. संग्रहालयाच्या संचालकांनी भाषण केलं, त्यात तिन्ही संस्थांचे आभार होते आणि सफाईबद्दल अवाक्षर नव्हतं. अध्यक्षबाईंनी विंगेतून बोट करून मला मुलगा दाखवला. मधल्या रांगेत कडेला, निळ्या जॅकेटमध्ये, कपाळ हुबेहूब बुवांचं. शेजारी एक लहान मुलगी, पाय हलवत बसलेली. तो आला होता. त्या खालच्या पट्टीचं काय झालंय ते त्याला ठाऊक नव्हतं आणि मला होतं.

सुरुवातीची वादनं चांगली झाली. बुवांचा उजवा हात काठी धरली की थरथरत नसे. खालच्या पट्टीला ते शिवत नव्हते, तिला जपत होते. मग त्यांनी सगळं थांबवलं, मान वर केली, समोर अंधारात बघितलं आणि हाक मारली. वरचा सूर, खालची पट्टी, मधला सूर. पहिल्या हाकेला खालची पट्टी बोलली. खरंच बोलली, किंचित घोगरी, पण बोलली. बुवा थांबले. काठ्या हवेत धरून, कान पुढे करून थांबले.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्यांचा काय दोष? वादक थांबला, म्हणजे वादन संपलं. ज्या शांततेत ओ यायची होती ती शांतता टाळ्यांनी भरून गेली. बुवांनी टाळ्या संपायची वाट पाहिली आणि पुन्हा हाक मारली. या वेळी मेण सुटलं. वरचा सूर, टक्, मधला सूर. पुन्हा टाळ्या. तिसऱ्यांदा त्यांनी ती पट्टी इतक्या जोरात मारली की काठीचं रबर उडालं, आणि आवाज आला तो नुसत्या लाकडाचा. मला विंगेतून ओरडावंसं वाटत होतं की गप्प बसा, ते बोलताहेत. लोक उभे राहिले. या देशात सगळ्याच कार्यक्रमांच्या शेवटी लोक उभे राहतात. त्या उभ्या माणसांच्या पलीकडे बुवांना काहीच दिसत नव्हतं; ते मान इकडून तिकडे वळवून शोधत होते. लोक बसले तेव्हा मधल्या रांगेतल्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या.

मी मागच्या दाराने धावत सुटले. तो मेट्रोच्या तोंडाशी सापडला, मुलीच्या जॅकेटची चेन लावत होता. मी डचमध्ये धापा टाकत सांगितलं, मी कोण, कुठून आले.

“मला कळलं नाही,” तो म्हणाला. त्याचे डोळे भरलेले होते. “पहिल्यांदा वाटलं, माझं नाव आहे. मी उठणार होतो. मग दुसऱ्यांदा ते नव्हतं. तिसऱ्यांदाही नव्हतं. मी भाषाच विसरलो. इतकी वर्षं इथे राहिलो, बापाने मारलेली हाक मला ओळखता येत नाही.”

“तुम्ही काही विसरला नाहीत,” मी म्हटलं. “भोपळा फुटलाय. त्यांनी तो गोठवला, पापुद्रे धुऊन काढले. पहिली हाक खरी होती. तुम्ही बरोबर ऐकलंत.”

तो हसला, आपण दयाळू अनोळखी माणसाला बघून हसतो तसा. माझ्यावर त्याचा विश्वास बसला नाही. स्वतःला दोष देणं त्याला इतक्या वर्षांत सोपं झालं असावं. “तुम्ही चांगल्या आहात,” तो म्हणाला आणि मुलीचा हात धरून सरकत्या जिन्यावरून खाली गेला. मुलगी वळून बघत होती. मला तिथे फुटपाथवर बसून घ्यावंसं वाटलं. तीन संस्था, इतके ओव्हरलेख, इतकी काळजी, आणि सगळ्यांनी मिळून एका बापाचा एक शब्द नासवला होता.

मी परत आले तेव्हा बुवा मेकअपच्या खोलीत एकटे होते. बाहेर हॉलमध्ये वाइन आणि चीज चाललं होतं. उजवा हात मांडीवर थरथरत होता आणि ते तो धरतही नव्हते.

“त्याने ओ दिली नाही,” ते म्हणाले. “त्याचं बरोबर आहे.”

“त्यांना कळलंच नाही,” मी म्हटलं. “ते उठणार होते. मग त्यांना आपलं नाव ऐकू आलं नाही.”

बुवांनी मान वर केली. मग म्हणाले, “म्हणजे त्याने नाही म्हटलेलं नाही.”

मी अध्यक्षबाईंकडे धावले, मुलाचा नंबर घेतला आणि तिथेच उभ्या उभ्या लावला. तो गाडीत असावा, मागे रुळांचा आवाज येत होता. मी म्हटलं, तुमचे वडील इथे आहेत, आणि त्याने काही बोलायच्या आत फोन बुवांच्या कानाला लावला.

बुवांनी फोन दोन्ही हातांनी धरला. ओठ हलले, पण त्यांनी ते मिटून घेतले. तोंडाने बोलायचं नव्हतं. हाक पुरी झालेली नव्हती. पलीकडूनही शब्द आला नाही. मी जवळ वाकले तर मला फक्त श्वास ऐकू आला, आणि तो कुणाचा ते ओळखता येईना. मुलगा फोन ठेवत नव्हता. बापही ठेवत नव्हता. सकाळी विमान होतं. पुन्हा व्हिसा मिळेल का, तो हात काठी धरेल का, तिन्ही संस्था पुन्हा एका टेबलाशी बसतील का, यातलं काहीही माझ्या हातात नव्हतं, आणि मी त्या दोघांच्या मधे मूर्खासारखी उभी होते.

हॉल रिकामा झाला. सभागृहाचा रखवालदार किल्ल्या घेऊन दारात आला आणि म्हणाला, बाई, आता बंद करायचंय. खोलीत कुणी काहीच बोलत नाही हे त्याला दिसत होतं.

“जरा थांबा,” मी त्याला म्हटलं. “त्यांचं बोलणं चाललंय.”